रुसलेला राजा

बहारीनमधल्या मुहर्रकच्या घरात नातवाच्या बाप्तिस्म्याची पंगत रंगली होती, पण डोरोथीबायचं लक्ष पाळण्यात होतं. चार महिने झाले, पोर एकदाही हसलं नव्हतं. सुनेने, व्हेरॉनिकाने, त्यापायी रडून डोळे सुजवले होते.

डोरोथीबायच्या माहेरी बाळाच्या मुठीत चांदी ठेवायची रीत. म्हणून मुलाने, कॉर्नेलियसने, बाजारातून रोमच्या कुणा राजाचं जुनं चांदीचं नाणं आणलं होतं. राजाचं तोंड एका बाजूने कोरलेलं, एकच डोळा दिसणारं.

“काय रे मेल्या,” डोरोथीबाय नाण्यावरच खेकसली, “रुसलेल्या जावयासारखा तोंड फिरवून काय बसलास? माझ्या नातवाकडे बघ!”

पंगत खो खो हसली. तिने नाणं बाळाच्या मुठीत दिलं.

बाळ मुठीकडे टक लावून बघत राहिलं आणि खुदकन हसलं. मग थांबेचना.

“मम्मी, हसला! माझा बाबू हसला!” व्हेरॉनिका ओरडली. कॉर्नेलियस तर नाचायलाच लागला.

“मग? सांगितलं कुणी त्या राजाला?” डोरोथीबाय तोऱ्यात म्हणाली. “यल्ला, चला, केक कापा!”

तिने कौतुकाने बाळाची मूठ उघडली.

राजाला आता दोन डोळे होते. दोन्ही बाळावर खिळलेले. आणि बाळाच्या गालावर होती तशीच खळी त्याच्या चांदीच्या गालावर हळूहळू पडत होती.