हिच्या हातची चव

सासूबाई गेल्यानंतरचा हा पहिलाच नाताळ. सासऱ्यांची अन्नावरची वासनाच उडाली होती, म्हणून सुनेनं जीव मुठीत धरून सासूबाईंसारखा मनुका-अक्रोडांचा केक करायला घेतला. भांडं ओव्हनमध्ये सरकवून ती आवरायला गेली.

परत येऊन बघते तर केक टेबलावर कापून तयार. नणंदेनं वेळेवर काढला असणार, म्हणून तिला हायसं वाटलं. सासऱ्यांनी नको नको म्हणत एक घास खाल्ला आणि त्यांचे डोळेच भरून आले.

"सूनबाई, अगदी हिच्या हातची चव गं! आण बघू अजून एक तुकडा."

तिनं आनंदानं सुरी उचलली, तेवढ्यात स्वयंपाकघरातून नणंदेची हाक आली.



"वहिनी, अहो, ओव्हन लावायचाच राहिला की! केक आत तसाच कच्चा आहे."