कानातली शिटी

स्टील प्लांटमधून रिटायर झालेल्या दयारामच्या कानात सहा वर्षांपासून शिटी वाजत होती. टीव्ही मोठ्याने लावला तरच ती दबे, आणि बायको रोज रिमोट हिसकावून आवाज कमी करी: "पूरा मोहल्ला आयकून राहिला." आज भिलाईच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी त्या शिटीशी जुळणारा सूर शोधायला हेडफोनवर एकेक सूर ऐकवला. अकराव्याला तो म्हणाला, "हाच." आता तीन महिने रोज अर्धा तास कानाला क्लिप लावून तिथून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला हलका करंट द्यायचा, त्याच वेळी हा सूर सोडून बाकीचे ऐकायचे. शिटी मंदावेल, बाई म्हणाल्या, जाईलच असं नाही. सोबत आलेल्या बायकोनेही तो सूर ऐकायला मागितला, आणि लगेच हेडफोन उतरवला. "तुमाले हे दिवसभर आयकू येते?" "रात्रीबी." घरी त्याने टीव्ही लावला, आवाज मुद्दाम बारीक ठेवला. तिने रिमोट घेतला आणि आवाज वाढवला.