तेवीस नंबरची चव

इरामिना आजोबांनी यंदाही एकच गुण दिला होता. पाचपैकी एक. शेरा मागच्या दोन वर्षांचाच होता: चव नाही.

सायुरी तोमोरी त्यांच्या पायरीवर उभी राहून तो कागद पुन्हा पुन्हा वाचत होती. त्यांच्याच बागेतल्या अननसाचा गोडवा तिने सकाळी यंत्रावर मोजला होता. इतका मोठा आकडा इशिगाकी बेटावर तिने कुठल्याच फळाचा पाहिला नव्हता. हे नवं वाण चाचणीसाठी लावलेल्या बाकीच्या तिघा शेतकऱ्यांनी पाच-पाच गुण दिले होते. पण ती काम करत होती त्या संशोधन केंद्राचा नियम होता. सलग तीन वर्षं एका जरी बागेत वाण चवीला नापास झालं, की ते सगळीकडून उपटून जाळायचं. नियम करणाऱ्यांना अननस लावावं लागत नाही. कागद संध्याकाळच्या आत नाहाच्या मुख्य कार्यालयात पोचायला हवे होते.

या वाणाला अजून नाव नव्हतं, तेवीस नंबर म्हणत. त्याचा संकर केला तेव्हा सायुरी एकतीस वर्षांची होती, आता एकोणपन्नासची. मधल्या काळात हजारो रोपं आली आणि गेली. मैत्रिणींची लग्नं झाली, त्यांची मुलं शाळेत गेली, आणि सायुरी दुपारचा डबा गाडीत बसून एकटी खायला शिकली. त्याचं काही वाटत नाही, असं ती सांगत असे. वाटायचं.

गावही या फळाकडे डोळे लावून बसलं होतं. जुनं अननस सगळं जुलैत एकदम पिकायचं आणि मातीमोल व्हायचं. डबाबंद करणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता. शाळेत सहा मुलं उरली होती. तेवीस नंबर महिनाभर आधी पिकायचं, म्हणजे बाजारात ते एकटंच असणार होतं. शेजारचा ओहामा तर सकाळीच म्हणाला होता, "म्हाताऱ्याची जीभ हात्सूकाकूंबरोबरच गेली. त्याला काय विचारता, बाई? तुम्हीच भरा तो कागद."

ते तिला जमण्यासारखं नव्हतं.

"आजोबा, खरंच चव नाही?"

"खोटं लिहून मला काय मिळणार? आत या. ऊन डोक्यावर आलंय, चहा घ्या."

तीन वर्षं ती बांधावरूनच कागद घेऊन परतत असे. आज पहिल्यांदा घरात गेली. समोर पितरांचा देव्हारा होता. त्यात आजोबांच्या बायकोचा, हात्सूबाईंचा फोटो, उदबत्त्या, आणि फोटोपुढे दोन अननसं. देठांना सायुरीच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. एकाच्या बुडाशी पाणी सुटलं होतं आणि आंबूस वास येत होता.

"ही कधी तोडली?"

"तीन दिवस झाले. आज उतरवीन. आधी तिला, मग मला."

"तीन दिवस ठेवता?"

"ती खायला हळू," आजोबा म्हणाले. "जिवंत होती तेव्हाही माझं ताट घासून व्हायचं, तरी हिचा भात अर्धाच." ते हसले. "पितरांनी खाल्लं की फळातली चव जाते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. दुसरं काही ठेवलं तर माझ्यासाठी थोडीफार उरते. तुमच्या तेवीस नंबरात काही म्हणजे काही उरत नाही. चाटूनपुसून नेते. तुमच्या कागदावर विचारलंय, तुम्हाला चव कशी लागली? मला लागलीच नाही. मग काय लिहू?"

सायुरीला हसू यायला हवं होतं. आलं नाही. जूनच्या उकाड्यात बंद खोलीत तीन दिवस ठेवलेलं कुठलंही अननस उतरतं, त्याची चव जाते. तोडल्या दिवशीच खावं, हे कागदावर लिहायचं तिला सुचलंच नव्हतं. तिच्या घरी फळासाठी थांबणारं कोणी नव्हतं.

तिने आजोबांना नियम सांगितला. झाडं जाळावी लागतील, हेही सांगितलं.

"एक ताजं आणते. माझ्यासमोर खा. आत्ता."

"तिच्या आधी?"

"हो. तिच्या आधी."

हात्सूबाई गेल्यापासूनच्या नऊ वर्षांत आजोबांनी या घरात पहिला घास घेतला नव्हता. मग ते म्हणाले, "पोरांची शाळा बंद पडली तर तीच मला शिव्या देईल. आणा."

सायुरीने बागेतून अननस आणलं. आजोबांनी ते कापलं, फोटोकडे बघून हात जोडले, काहीतरी पुटपुटले आणि फोड तोंडात घातली. रस मनगटापर्यंत ओघळला. तो त्यांनी पुसला नाही. सावकाश चावत राहिले. मग पेन घेऊन एक खोडला आणि पाच लिहिला.

सायुरीने कागद घेतला. तेवीस नंबर पास झालं होतं. अठरा वर्षं या क्षणासाठी घालवली होती, आणि ती आजोबांच्या तोंडाकडे बघत होती. त्या तोंडावर गोड खाल्ल्याची एकही खूण नव्हती.

"बाई, तुम्ही शिकलेल्या," ते म्हणाले. "एक सांगा."

"विचारा ना."

"फळ देव्हाऱ्यात ठेवलंच नाही. नुसतं ओट्यावर ठेवलं, तीन दिवस. कोणी खाल्लं नाही, कोणी शिवलं नाही. तरी चव जाते?"

सायुरीने कागदाची घडी घातली.

"नाही, आजोबा," ती म्हणाली. "नुसतं ठेवलं तर तशीच राहते. मी मोजलंय."