आईला झेपेल असं

"तू मागच्या खोलीत जा आन दार लावून घे," प्रेमलताबाई म्हणाल्या. "तू हैदराबादले गेली असं समजते मी."

धनश्री मोबाइल घेऊन उठली. "अडलं तर फोन कर. इथून हाका नको मारू."

"नाही मारत. जा तू."

धनश्री रविवारी खरंच जाणार होती, नव्या नोकरीवर. सक्करदऱ्यातल्या या घराच्या बाहेरच्या खोलीत बसून मायलेकी लोकांच्या वेबसाइट बनवत. शाळेतून लवकर निवृत्ती घेतल्यावर प्रेमलताबाई हे काम लेकीकडूनच शिकल्या होत्या. आता इतवारीतल्या ईश्वरदासांच्या भांड्यांच्या दुकानाची वेबसाइट करायची होती, आणि ती त्यांना एकटीने पुरी करावी लागणार होती.

सकाळपासून वाद चालला होता तो एवढाच, की पानाच्या मांडणीसाठी काय वापरायचं. धनश्री म्हणत होती, बूटस्ट्रॅप. त्यात बटणं, चौकोन, वरची पट्टी सगळं तयार मिळतं, नुसतं नाव लिहायचं. प्रेमलताबाईंना टेलविंड हवं होतं. त्यात तयार असं काही नसतं. कडेला जागा किती, अक्षर केवढं, रंग कोणता, सगळं एकेक शब्द लिहून आपणच घडवायचं. धनश्री नेहमी तेच वापरायची. आई शेजारी बसून बघायची, मधेच हात लावायची.

"तुले झेपेल असं घे ना," धनश्री बोलून गेली, आणि आईचं तोंड एवढंसं झालं. शेवटी ठरलं, बूटस्ट्रॅप वापरून एक पान एकटीने करून बघायचं. मग काय ते ठरवू.

मागच्या खोलीत अर्धवट भरलेली बॅग पलंगावर उघडी पडली होती. धनश्री तिच्या शेजारी बसली. कूलरच्या आवाजाआडून कीबोर्डची टकटक ऐकू येत होती. मधेच टकटक थांबली. धनश्रीने मोबाइलकडे पाहिलं. टकटक पुन्हा सुरू झाली.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. "ये. झालं."

स्क्रीनवर परात, गंगाळ आणि तांब्या तीन चौकोनांत ओळीने मांडले होते. धनश्रीने ब्राउझरची खिडकी लहान करत मोबाइलएवढी केली. चौकोन शहाण्यासारखे एकाखाली एक आले. तिने बटणं दाबून पाहिली. सगळी चालत होती.

"आई! एक पण चूक नाही!" तिने मागून आईच्या गळ्यात हात टाकले. "मी म्हणत होती ना? आता मी बिनघोर जाते बाप्पा."

प्रेमलताबाई हसल्या नाहीत. त्या पानाकडे बघत राहिल्या.

"चांगलं नाही दिसून राहिलं."

"काय नाही दिसून राहिलं?"

"चौकातल्या योगा क्लासचं पान पण असंच आहे. हे दुकानाचं वाटतच नाही."

"मग रंग बदलून देऊ. ईश्वरदासकाकाले आवडेल."

"मले टेलविंडच पायजे."

धनश्री खुर्ची ओढून समोर बसली. "काहून पण? त्याच्यात तू घडीघडी अडशील. मी तिथं ऑफिसात राहीन, तू इथं एकटी डोकं धरून बसशील. मले ते नको आहे, म्हणून तर सोपं घे म्हणून राहिली."

"अडीन ना."

"मग?"

"मग तुले विचारीन." प्रेमलताबाईंनी माउस उगाच इकडचा तिकडे केला. "ह्याच्यात विचाराले काही उरतच नाही वं. इतका वेळ मोबाइल जवळ घेऊन बसली होती मी. म्हटलं, आता अडेल, मग अडेल. काहीच नाही अडलं."

धनश्रीने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. नवं फोल्डर केलं, त्यात टेलविंड बसवलं, कोरं पान उघडलं आणि कीबोर्ड परत आईसमोर सरकवला. मग उठून ती मागच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

यावेळी फोन लवकरच वाजला.

"हॅलो."

"धनू, मी बोलून राहिली."

"बोल आई."

"सगळे भांडे एकाखाली एक उभे आहे. मले तिन्ही एका ओळीत पायजे. लिहिलं तर मी बरोबर आहे."

"वाचून दाखव."

प्रेमलताबाईंनी एकेक इंग्रजी अक्षर सावकाश वाचलं. त्यांचा आवाज फोनमधूनही येत होता आणि दाराच्या फटीतूनही.

"ते एम, डी लिहिलं ना, त्याच्या पुढं एकावर एक दोन टिंबं दिली का?"

टकटक झाली.

"आले वं!" दोन्हीकडून एकदमच आवाज आला. "आले एका ओळीत."

"पाह्य. जमलं ना?"

"हाव."

काम झालं होतं. फोन मात्र कोणीच ठेवला नाही. बाहेरच्या खोलीत खुर्ची करकरली.

"जेवली का वं?" प्रेमलताबाईंनी विचारलं.

दुपारीच दोघी समोरासमोर बसून वांग्याची भाजी आणि भाकर खाऊन उठल्या होत्या. धनश्री दाराला पाठ लावून खाली बसली.

"जेवली," ती म्हणाली. "तू?"