उसवलेली बाही

मेरिलने डल्सीआंटीच्या दंडाभोवती टेप गुंडाळला, नीट ओढून घेतला आणि आकडा मोठ्याने वाचला. पस्तीस. बारा आठवड्यांपूर्वी अडतीस होता.

"बघा, तीन सेंटिमीटर उतरला!"

आंटी हसल्या नाहीत. स्तनाच्या ऑपरेशननंतर सुजलेला तो हात त्यांनी मांडीवर ठेवला. सुजलेला हात मावावा म्हणून उसवलेली स्वेटरची डावी बाही अजून तशीच होती. सवय, दुसरं काय, असं मेरिलला वाटलं.

अॅडलेडच्या या दवाखान्यात लेसरची चाचणी चालू होती. डोळ्यांना न दिसणारा मंद प्रकाश थकल्याभागल्या पेशींवरचा ताण हलका करतो का, त्याने सूज उतरते का, एवढंच पाहायचं होतं. यंत्राच्या खटक्याला दोन खुणा, क आणि ख. एकीवर प्रकाश, दुसरीवर नुसता आवाज. कुठली कशाची, हे खोलीतल्या कुणालाच कळता कामा नये. यंत्र चालवणाऱ्या मेरिलने मात्र पहिल्याच दिवशी मोबाइलचा कॅमेरा समोर धरला; डोळ्यांना न दिसणारा प्रकाश त्याला दिसतो. ख वर जांभळा ठिपका दिसला. आंटींच्या वाट्याला आलेल्या चिठ्ठीवर होतं क. लहानपणी आई कामावर असताना ज्यांनी आपल्याला जेवू घातलं, त्यांना नुसता आवाज द्यायचा? तिने गुपचूप खटका ख वर नेला. दर आठवड्याला नेला.

आज शेवटच्या कागदावर सही करताना मात्र तिला स्वतःची लाज वाटली. तिने सगळं सांगून टाकलं.

"तुमच्यासाठी केलं, आंटी. पण शेण खाल्लं मी."

"माहीत आहे मला. लेसरसाठी तो काळा चष्मा लावला म्हणून आंधळी झाले का गं मी? यंत्र लावून तू चहा ठेवायला गेलीस, की मी खटका परत क वर आणायचे. माझ्यामागून येणाऱ्या बायकांना खरं कळायला नको?"

"दर वेळी?"

"बाराच्या बारा वेळा."

म्हणजे प्रकाशाचा कणही या हातावर पडला नव्हता. मेरिलचा चेहरा पडला.

"मग हात उतरला कसा?"

आंटींनी उसवलेली बाही वर सरकवली आणि दंड पुढे केला.

"घे, परत मोज. आणि या वेळी जरा सैल धर, पोरी. दुखतं."

मेरिलने टेप नुसता टेकवला. ओढला नाही.

अडतीस.