बिरोबाचा होकार

ऋतुजाला पुण्यात एमएस्सीला प्रवेश मिळाला, त्याच आठवड्यात तिच्या वडिलांनी, सिद्धाप्पांनी, तिच्यासाठी स्थळ पाहिलं.

“देवळात पाय ठेवत न्हाईस, बिरोबाला दगड म्हणतीस. आनी तुला आमी पुण्याला धाडायचं व्हय?” सिद्धाप्पा भावकीसमोर ओरडले.

“दगडाला दगडच म्हणणार की, आप्पा.”

“मग त्यालाच इचारू! त्यो हो म्हणला तर जा. न्हाय म्हणला तर दिवाळीच्या आत लगीन.”

बिरोबाला विचारायची त्यांच्यात एक रीत आहे. देवळापुढं बकरं उभं करायचं आणि त्याच्या पाठीवर पाणी ओतायचं. बकऱ्यानं अंग झाडलं की देवाचा होकार. गेल्या वर्षी ऋतुजाच्या भावाचं लग्न असंच ठरलं होतं आणि तेव्हा कुणी शंका काढली नव्हती.

नास्तिक पोरीला देव कसा धडा शिकवतो, हे बघायला सगळी वस्ती जमली. सिद्धाप्पांनी स्वतः भंडारा उधळला, स्वतःच तांब्या बकऱ्याच्या पाठीवर रिकामा केला.

बकऱ्यानं शिंगांपासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. पुढं उभ्या असलेल्या बायकांच्या लुगड्यांवर पाणी उडालं.

“चला, मी बॅग भरते,” ऋतुजा म्हणाली.



“थांब!” सिद्धाप्पा खेकसले. “सायन्स शिकलीस न्हवं? गार पाणी पडल्यावर कुटलंबी बकरं अंग झाडतंय, येवडं बी कळंना व्हय तुला?”