रोज कामी येणारा डबा

जिवतीच्या लच्छूभाऊंना मुलीने गाडी चालू करायचा छोटा डबा घेऊन दिला. बॅटरी उतरली की डब्याचे दोन चिमटे तिला लावायचे आणि चाबी मारायची. धक्क्यासाठी माणसं गोळा करायची गरज नाही.

पंधरा दिवसांत लच्छूभाऊ काळीपिवळी जीपच्या स्टँडवर त्या डब्याचे प्रचारकच झाले. "रोज सकाळी आपली जीप ठप्प! पन डबा लावला का घुर्रर्र! एक दिवस त्यानं धोका देल्ला नाई." ऐकून चार ड्रायव्हर तिथंच मोबाइलवर तसला डबा शोधायला लागले.

मागच्या सीटवर टोपली घेऊन बसलेली त्यांची बायको सोनीबाई पुढे वाकली. "डबा यायच्या आधी जीप कधी बंद पडली होती जी?"

लच्छूभाऊंनी आठवून पाहिलं. "नाई. पोरीनं अगदी टाइमावर देल्ला ना!"

"अन् त्याले चार्ज कुठी करता? घरी त लाइन राहत नाई."

"जीपमंदीच. चाबी चालू ठेवतो अन् रातभर लावून ठेवतो."

चौघांनी मोबाइल हळूच खिशात घातले.

"म्हंजे रातभर जीप डब्याले पाजते," सोनीबाई म्हणाली, "अन् सकाळी डबा जीपले."

लच्छूभाऊंनी डब्यावरून मायेनं फडकं फिरवलं. "मंग! दोघायचं लई पटते."